डिक्कीतले सव्वाअकरा किलो : स्पोर्ट्स कारसाठी हलकी बॅटरी निवडताना

माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि अमेरिकेत ती आजही मियाटा याच नावाने ओळखली जाते. न्यू जर्सीत माझ्याकडे तिच्या पहिल्या पिढीतली एक गाडी आहे. तिचे वजन हजार किलोंच्या आत भरते, आणि तिची बॅटरी बोनेटखाली नसून डिक्कीच्या उजव्या कोपऱ्यात बसवलेली आहे. इतक्या हलक्या गाडीतली कोणती वस्तू किती जड आहे हे पाहण्याची खोड मालकाला लागतेच. मीही एका रविवारी बॅटरी बाहेर काढून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवली आणि काटा सव्वाअकरा किलोंवर थांबला. त्याच आठवड्यात सव्वादोन किलोंच्या एका लिथियम बॅटरीची जाहिरात पाहण्यात आली. इंजिनाला हात न लावता अर्ध्या तासात नऊ किलो उतरवण्याचा मोह मला आवरला नाही.

ती बॅटरी वाईट नव्हती, पण माझ्या वापराला ती चुकीची होती. डिसेंबरात घरच्या लग्नासाठी मी तीन आठवडे पुण्याला गेलो आणि परतल्यावर गॅरेजात जाऊन किल्ली फिरवली, तर डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागला नाही. मल्टिमीटरने ७.१ व्होल्ट दाखवले. बारा व्होल्टच्या लिथियम बॅटरीच्या बाबतीत या आकड्यानंतर करण्यासारखे काही उरत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी हमीत बसत नाही असे विक्रेत्याने कळवले. ते हमीपत्रावर बारीक अक्षरांत छापलेले होतेच, मीच ते वाचले नव्हते. तेव्हापासून कोणी हलक्या बॅटरीविषयी सल्ला विचारला, की गाडी किती जोरात पळते हे मी विचारत नाही. ती सलग किती दिवस उभी असते, हे आधी विचारतो.

उभ्या गाडीचा खर्च

गाडीतल्या बॅटरीकडे दोन कामे असतात आणि त्यांची मापे अगदी वेगळी असतात. पहिले काम स्टार्टर फिरवण्याचे. १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन चालू करताना स्टार्टर सुमारे दीडशे अँपिअर खेचतो असे धरले आणि इंजिन दोन सेकंदांत लागले, तर खर्च होतो तो ३०० अँपिअर-सेकंद, म्हणजे एका अँपिअर-अवरचा (एक अँपिअरचा प्रवाह तासभर) जेमतेम बारावा भाग. या कामासाठी मोठी साठवण लागत नाही. क्षणभर मोठा प्रवाह देण्याची ताकद मात्र लागते. दुसरे काम गाडी बंद असतानाचे. घड्याळ, इंजिनाच्या संगणकाची स्मृती, अलार्म, किल्लीची वाट पाहणारा रिसीव्हर आणि मागाहून बसवलेला म्युझिक सिस्टिम हे सगळे मिळून रात्रंदिवस थोडे थोडे पीत राहतात. हलकी बॅटरी पहिले काम झकास करते आणि दुसऱ्या कामात दगा देते, त्यामुळे खरेदीपूर्वी हा दुसरा खर्च मोजून घेणे आवश्यक आहे.

मोजण्याची पद्धत सोपी आहे, फक्त घाई करू नये. गाडी बंद करून किल्ली दूर ठेवावी, डिक्कीत दिवा असेल तर त्याचा बल्ब काढावा आणि बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरची वायर सोडवावी. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या कक्षेत लावून, लाल पिन त्याच कक्षेच्या भोकात आहे ना याची खात्री करून, एक टोक सोडवलेल्या वायरला आणि दुसरे ऋण टर्मिनलला धरावे. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो. नव्या गाड्यांतले संगणक झोपी जायला वीस ते तीस मिनिटे घेतात, तेवढा वेळ थांबूनच आकडा टिपावा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही किल्ली फिरवू नये, नाहीतर मीटरमधला फ्यूज तत्क्षणी जातो. हे मला शेजाऱ्याच्या मीटरवर शिकायला मिळाले.

सर्वसाधारण गाडीत हा खर्च २० ते ५० मिलिअँपिअर असतो. माझ्या गाडीत ३५ निघाला. ३५ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.८४ अँपिअर-अवर. माझ्या त्या लिथियम बॅटरीची खरी साठवण होती ८ अँपिअर-अवर, म्हणजे ती साडेनऊ दिवसांत रिकामी होणार हे कागद-पेन्सिलीने आधीच कळले असते. मी तिला तेवीस दिवस उभी ठेवली. पुढे एकेक फ्यूज काढून पाहिल्यावर ध्यानात आले, की आधीच्या मालकाने बसवलेला आणि कधीच न वाजणारा अलार्म एकटाच २२ मिलिअँपिअर खात होता. तो काढल्यावर खर्च १३ वर आला. हलकी बॅटरी शोधण्यापूर्वी अशी गळती बुजवली, तर लहान बॅटरीसुद्धा पुरेशी ठरू शकते.

आकडा हातात आला, की हिशेब असा करावा : मिलिअँपिअरना २४ ने गुणून हजाराने भागले, की रोजचा खर्च अँपिअर-अवरमध्ये मिळतो. गाडी जास्तीत जास्त जितके दिवस उभी राहते, त्या दिवसांनी त्याला गुणावे. जे उत्तर येईल त्याच्या किमान दुप्पट खरी साठवण बॅटरीत असावी. शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि आयुष्य घटते. लिथियम बॅटरी अधिक खोल उतरवलेली चालते, पण तळ गाठलेला तिला अजिबात खपत नाही. माझ्यासारख्याने, वर्षातून एकदा मायदेशी जाणाऱ्याने, हा हिशेब विमानाच्या तिकिटाबरोबरच करावा.

वेष्टनावरचे आकडे

सर्वांत जास्त फसवणूक, किंवा निदान सर्वांत जास्त गैरसमज, या आकड्यांत दडलेले असतात. माझ्या बॅटरीवर ठळक अक्षरांत २४ अँपिअर-अवर लिहिलेले होते. खाली, नखाएवढ्या अक्षरांत, हा आकडा शिशाच्या बॅटरीशी तुल्य असल्याचे म्हटले होते. या व्यापारातला अर्थ असा, की ही बॅटरी गाडी तेवढ्याच सहजतेने चालू करते जेवढी २४ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी करते. साठवण मात्र तिच्या सुमारे एक तृतीयांश. स्टार्टरपुरता हा दावा खोटा नाही, पण उभ्या गाडीच्या हिशेबात तो पूर्णपणे निरुपयोगी आहे. त्यामुळे तुल्य हा शब्द दिसला, की तो आकडा बाजूला ठेवावा आणि वॉट-अवर, म्हणजे साठवलेल्या ऊर्जेचे माप, कुठे दिले आहेत ते शोधावे. लिथियम बॅटरीवर वॉट-अवर बहुधा छापलेले असतात, त्यांना १२.८ ने भागले, की खरे अँपिअर-अवर मिळतात. वॉट-अवर कुठेच नसतील तर ती बॅटरी घेऊ नये, असे माझे मत आहे.

दुसरा आकडा सीसीए, म्हणजे थंडीत स्टार्टर फिरवण्याची क्षमता. अमेरिकी मानकानुसार बॅटरी उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात आणि तीस सेकंद सलग प्रवाह काढूनही तिचा दाब ७.२ व्होल्टच्या खाली जाऊ नये अशी अट असते. जितके अँपिअर ती या अटीत देऊ शकते, तितका तिचा सीसीए. शून्य अंशाला मोजलेला सीए हा वेगळा आकडा आहे आणि तो साहजिकच मोठा येतो. त्याहून मोठा आकडा पाच सेकंदांच्या झटक्याचा असतो. रेसिंगवाल्यांच्या आवडत्या ओडिसी पीसी-६८० या बॅटरीचे उदाहरण घेऊ. नावातला ६८० हा पाच सेकंदांच्या झटक्याचा आकडा आहे. उणे १८ अंशांवरचा तिचा सीसीए १७० च्या आसपास आहे. बॅटरी उत्तम आहे आणि मियाटाच्या लहान इंजिनाला ती पुरते, पण कोणी ६८० या आकड्याची तुलना दुसऱ्या बॅटरीच्या ५०० सीसीएशी करू लागला, तर तो आंब्याची तुलना आंब्याच्या पेटीशी करतो आहे.

लिथियमच्या जाहिरातींत कधीकधी नुसतेच क्रँकिंग अँपिअर लिहिलेले असतात, तापमान नाही आणि कालावधीही नाही. तो आकडा सरळ दुर्लक्षावा. निर्मात्याने कोणत्या तापमानाला आणि किती सेकंद मोजले हे सांगितले असेल, तरच त्यावर विचार करावा.

तीन प्रकार आणि माझी पसंती

पहिला प्रकार नेहमीच्या पातळ आम्लाच्या शिशाच्या बॅटरीचा. ती स्वस्त, सर्वत्र मिळणारी आणि जड असते. वजन कमी करण्यासाठी काही जण तिचाच लहान आकार घेतात. त्यात दोन-तीन किलो वाचतात, मात्र साठवण आणि सीसीए दोन्ही त्याच प्रमाणात घटतात.

दुसरा प्रकार एजीएम. यातही शिसेच असते, परंतु आम्ल काचेच्या बारीक तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेले असते आणि पट्ट्या घट्ट दाबून बसवलेल्या असतात. आतला रोध कमी असल्यामुळे लहान आकारातूनही मोठा प्रवाह मिळतो, हादरे चांगले सोसले जातात आणि झाकण बंद असल्यामुळे आम्ल सांडत नाही. वर उल्लेखलेली पीसी-६८० याच प्रकारातली. तिचे वजन सुमारे ७ किलो आणि साठवण १६ अँपिअर-अवर. एकच गोष्ट लक्षात ठेवावी : एजीएम म्हणजे आपोआप हलकी असे नाही. त्याच आकाराची एजीएम बॅटरी पातळ आम्लाच्या बॅटरीहून बऱ्याचदा जडच भरते. लहान आकार चालवून घेता येतो, एवढाच तिचा वजनाच्या बाबतीतला फायदा आहे.

तिसरा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेट. मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीपेक्षा हे रसायन वेगळे आहे आणि तापल्यावर पेट घेण्याच्या बाबतीत बरेच शांत आहे. नुसते लिथियम एवढेच लिहिलेली, रसायन न सांगणारी बॅटरी गाडीत बसवू नये. या रसायनाचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो, चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात, आणि म्हणूनच ते शिशाच्या सहा सेलांच्या जागी बसते. सोबत सेलांवर लक्ष ठेवणारे सर्किट, म्हणजे बीएमएस, असते किंवा असायला हवे. ते अति चार्ज, अति उतरणे आणि सेलांमधली तफावत यांवर देखरेख करते. माझ्या बॅटरीत ते फक्त सेल समतोल ठेवण्यापुरते होते. दाब खाली गेला तर वीज तोडण्याची सोय नव्हती. ती सोय असलेली बॅटरी गळतीने पूर्ण मरत नाही. ठराविक पातळीला ती स्वतःहून बंद होते, आणि काहींमध्ये गाडी एकदा चालू करण्यापुरती वीज राखून ठेवून बटण दाबल्यावर ती देण्याचीही सोय असते. लिथियम घ्यायचीच असेल, तर पैसे या सोयीसाठी मोजावेत.

कारखान्यातून लिथियमची सोय देणाऱ्या पहिल्या कंपन्यांत पोर्शचे नाव येते आणि त्यांनी ती कशी दिली हे पाहण्यासारखे आहे. २००९ च्या अखेरीस त्यांनी ९११ जीटी-३, जीटी-३ आरएस आणि बॉक्सस्टर स्पायडर यांच्यासाठी लिथियम स्टार्टर बॅटरीचा पर्याय जाहीर केला. ६० अँपिअर-अवरच्या नेहमीच्या बॅटरीपेक्षा ती १० किलोंनी हलकी, म्हणजे ६ किलोंच्या आत होती आणि तिची साठवण १८ अँपिअर-अवर होती. मात्र गाडीबरोबर नेहमीची शिशाची बॅटरीसुद्धा दिली जात असे, जेणेकरून कडाक्याच्या थंडीत मालकाने ती बसवावी. एवढी महागडी बॅटरी विकणारी कंपनी एका गाडीबरोबर दोन बॅटऱ्या देते, यातच लिथियमची मर्यादा कळते.

माझे स्पष्ट मत असे, की शनिवार-रविवारी चालवल्या जाणाऱ्या, अधूनमधून ट्रॅकवर नेल्या जाणाऱ्या आणि उरलेला वेळ उभ्या राहणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारला लहान एजीएम सर्वांत योग्य. लिथियम त्यांनी घ्यावी, ज्यांची गाडी गॅरेजात कायम चार्जरला जोडलेली राहते, ज्यांना शून्याखाली गाडी काढायची नाही आणि जे खरोखर घड्याळाशी स्पर्धा करतात. कारण नऊ किलोंचे कौतुक करताना हेही आठवावे, की टाकीत दहा लिटर पेट्रोल कमी भरले, तरी सव्वासात-साडेसात किलो उतरतात, आणि तेही फुकट.

थंडी, उष्णता आणि अल्टरनेटर

गोठणबिंदूखाली लिथियम आयर्न फॉस्फेट सुस्त होते. पहिल्यांदा किल्ली फिरवल्यावर स्टार्टर कण्हतो आणि थांबतो, मग हेडलाइट एक-दोन मिनिटे लावून ठेवले, की प्रवाहामुळे सेल आतून थोडे गरम होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागते. हे विचित्र वाटले तरी निर्मात्यांच्या माहितीपत्रकांतही असाच सल्ला आढळतो. त्याहून गंभीर बाब चार्जिंगची आहे. शून्याखाली चार्ज करताना लिथियम सेलातल्या ऋण पट्टीच्या ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. हे नुकसान भरून निघत नाही. जानेवारीतल्या न्यू जर्सीत ही अडचण नित्याची आहे. मुंबई-पुण्यात ती उद्भवतच नाही.

तिथे अडचण उलट दिशेने येते. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांची वरची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते आणि वाहतुकीत अडकलेल्या गाडीच्या बोनेटखाली, एग्झॉस्टजवळ, ती सहज ओलांडली जाते. मियाटाच्या पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिक्कीत असल्यामुळे ती इंजिनाच्या झळांपासून सुरक्षित राहते. २००५ नंतरच्या तिसऱ्या आणि पुढच्या चौथ्या पिढीत मात्र ती बोनेटखाली आली. बॅटरी इंजिनाशेजारी असेल आणि गाव नागपूर किंवा अॅरिझोनातले फीनिक्स असेल, तर लिथियमचा विचार सोडून द्यावा.

निवड कोणतीही असो, अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, दाब आधी तपासावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलांवर व्होल्ट पाहावेत, मग हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा पाहावेत, आणि शेवटी इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर नेऊन तिसऱ्यांदा पाहावेत. आकडा १३.८ ते १४.६ च्या दरम्यान राहिला तर उत्तम. तो थंड सकाळीही पाहावा, कारण हा दाब आवरणारे अनेक रेग्युलेटर थंडीत तो वाढवतात. १४.८ च्या वर जात असेल, तर लिथियम बसवण्यापूर्वी रेग्युलेटर दुरुस्त करावा. शिशाची बॅटरी अति चार्ज झाली, तर तिला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, ती फुगते, तापते, म्हणजे काहीतरी इशारा देते. लिथियमचे बीएमएस मात्र एका क्षणात बॅटरी तोडते, आणि चालू अल्टरनेटरसमोरून बॅटरी अशी अचानक नाहीशी झाली, की दाब उसळतो आणि इंजिनाच्या संगणकालाच धोका पोहोचू शकतो. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी गाडी पळवून चार्ज करण्याचाही प्रयत्न करू नये. तिचा आतला रोध इतका कमी असतो, की ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि जुन्या अल्टरनेटरला घाम फोडते.

जागा, खुंट आणि वायुनळी

लांबी, रुंदी आणि उंची मोजताना बॅटरीची मापे घेऊ नयेत, तिच्या खोबणीची आणि वरच्या पट्टीची घ्यावीत. लहान बॅटरी मोठ्या खोबणीत हलते, आणि वळणावर हललेली बॅटरी धन टर्मिनलासकट डिक्कीच्या पत्र्याला भिडू शकते. तयार कंस मिळतात. ते न मिळाल्यास ॲल्युमिनिअमच्या कोनपट्ट्यांची चौकट करून ती पत्र्याला बोल्टने कसावी. प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा लवचिक दोरी वापरू नये. ट्रॅकवरच्या तांत्रिक तपासणीत तपासनीस पहिल्यांदा बॅटरी हाताने ओढून पाहतात आणि धन टर्मिनलवर झाकण आहे का ते बघतात.

खुंटांच्या, म्हणजे बॅटरीवरच्या टर्मिनलांच्या, जाडीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. जुन्या मियाटाच्या वायरींच्या टोकांवरच्या क्लॅम्प जपानी बारीक खुंटांच्या मापाच्या आहेत : धन १४.७ मिलिमीटर, ऋण १३. अमेरिकी प्रमाणित खुंट धन १७.५ आणि ऋण १५.९ मिलिमीटरचे असतात. जाड खुंटांवर बारीक क्लॅम्प ठोकून बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यात खुंटाच्या मुळाशी तडा जातो. भारतातल्या अनेक छोट्या गाड्यांत ३८बी२० एल असा जपानी क्रमांक छापलेली बॅटरी असते, त्यातला २० म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी. अशा बी मापाच्या क्रमांकाच्या शेवटी एस असेल, तर खुंट जाड. लहान एजीएम बॅटऱ्यांना बहुधा खुंटच नसतात, सहा मिलिमीटरच्या बोल्टची भोके असतात, आणि त्यांवर पितळी खुंट वेगळे घेऊन बसवावे लागतात. तो बोल्ट साडेपाच-सहा न्यूटन-मीटरपेक्षा जास्त कसू नये. आतला धागा अति कसल्याने निकामी होतो. धन बाजू डावीकडे की उजवीकडे, तेही पाहून घ्यावे, कारण मूळ केबल पाच सेंटिमीटर अपुरी पडली, की सगळे काम अडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. बॅटरी डिक्कीत किंवा प्रवाशांच्या भागात असेल, तर तिला वायुनळी जोडण्याची सोय हवीच. चार्ज होताना शिशाची बॅटरी हायड्रोजन सोडते आणि सोबत आम्लाचे बारीक थेंबही येतात. जुन्या मियाटात यासाठी बॅटरीपासून डिक्कीच्या तळातून बाहेर जाणाऱ्या नळ्या दिलेल्या आहेत. स्वस्तातली, वायुनळी नसलेली साधी बॅटरी तिथे ठेवल्यामुळे डिक्कीचा कोपरा गंजून चाळणी झालेल्या गाड्या मी विकत घेताना पाहिल्या आहेत, आणि म्हणूनच जुनी मियाटा पाहायला गेलो, की मी आधी इंजिन न पाहता डिक्कीचा गालिचा उजवीकडून उचलतो. एजीएम बंद असली, तरी अति चार्ज झाल्यास तिची झडप उघडते, त्यामुळे तिलाही नळी जोडावी. लिथियममधून असा वायू निघत नाही. त्या बाबतीत ती निश्चित सरस आहे.

बसवताना

दहाचा पाना, तारेचा ब्रश आणि पातळ रबरी हातमोजे एवढे साहित्य पुरे. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवावा. काढताना ऋण वायर प्रथम सोडवावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी. यामागचे कारण समजले, की क्रम पाठ करावा लागत नाही : गाडीचा सगळा पत्रा ऋण बाजूला जोडलेला असतो, ऋण वायर जागेवर असताना धन नट सोडवणारा पाना पत्र्याला टेकला, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून वाहतात. ऋण वायर आधी सुटली असेल, तर तोच पाना पत्र्याला लागूनही काही घडत नाही. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे.

जुन्या क्लॅम्पवरची पांढरी-हिरवी बुरशी पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने धुवावी, फेस थांबेपर्यंत. ब्रशने आतला धातू चकाकेपर्यंत घासून, पुसून, कोरडा करून मगच क्लॅम्प बसवावी. हाताने पिळून ती हलली तर अजून कसावी. पेट्रोलियम जेली लावायची असेल तर कसल्यानंतर बाहेरून. इंजिन चालू झाल्यावर पुन्हा एकदा व्होल्ट पाहावेत, आणि रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी, किल्ली न लावता, बॅटरीचा दाब टिपून ठेवावा. पूर्ण भरलेली एजीएम १२.८ च्या आसपास, पातळ आम्लाची १२.६-१२.७, आणि लिथियम १३.३ च्या जवळपास दाखवते. लिथियमचा दाब बराच काळ जवळपास स्थिर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. शिशाच्या सवयीने १३.० पाहून बॅटरी भरलेली आहे असे समजणाऱ्याची गाडी दोन दिवसांनी चालू होत नाही.

चार्जर जपून निवडावा. अनेक चार्जरमध्ये शिशाच्या पट्ट्यांवरचे सल्फेट सोडवण्याची एक आपोआप चालणारी पायरी असते आणि त्यात दाब १५ व्होल्टच्या वर जातो. लिथियमला हा चार्जर कदापि लावू नये. एजीएमसाठी १४.७ च्या आत थांबणारा, पुढे साडेतेरा व्होल्टच्या आसपास टिकवून धरणारा चार्जर पुरतो.

भारतातल्या मित्रांचा नेहमीचा प्रश्न असतो, की अमेरिकेतून येताना सामानात एक लिथियम बॅटरी आणता येईल का. सहसा नाही. प्रवासी विमानात सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या सामानात आणि १०० वॉट-अवरपर्यंत चालते. १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी आहे. २० अँपिअर-अवरची बॅटरी २५६ वॉट-अवरची असते, आणि माझी ती मेलेली चिमुकली बॅटरीसुद्धा १०२ वॉट-अवरची होती. तिथल्यासाठी, पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी, जवळच्या बॅटरीवाल्याकडून हमीसह मिळणारी एजीएमच बरी. जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याला न देता विक्रेत्यालाच परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

माझ्या डिक्कीत आता सात किलोंची एजीएम आहे. कंस, पितळी खुंट आणि वायुनळी धरून सगळे पुन्हा वजनकाट्यावर ठेवले तेव्हा ७.६ किलो भरले, म्हणजे बचत साडेतीन किलोंहून थोडी अधिक. १३ मिलिअँपिअरच्या खर्चाने तिची निम्मी साठवण पंचवीस दिवस पुरते. पुढच्या डिसेंबरात आम्ही पाच आठवडे पुण्याला आहोत, त्यामुळे नंबरप्लेटच्या मागून चार्जरची एक छोटी वायर बाहेर काढून ठेवली आहे आणि ती जोडण्याचे काम शेजाऱ्याकडे दिले आहे. त्याला नवा मल्टिमीटर मी आधीच घेऊन दिला.